एका बाटलीमागे एक बाक

४ जानेवारी, रविवार

आजपासून रोजनिशी. कारण आज मी रांगडा ग्रुपचा सचिव झालो, आणि पुढेमागे कुणी विचारलं की ग्रुपनं काय काय केलं, तर सांगायला एक तरी माणूस हवा. अहवालाची फाइल वेगळी आहे. ही माझी खासगी. इथे कुणाची भीडभाड ठेवायची नाही, स्वतःचीसुद्धा.

रांगडा ग्रुप म्हणजे आमच्या बोर्डिंगमधली कॉलेजची पोरं. काळे टीशर्ट, पाठीवर पांढऱ्या अक्षरांत नाव. लोकांना वाटतं आम्ही फक्त बुलेटी फिरवतो आणि मिरवणुकीत नाचतो. तेही करतो. पण पूर आला की धान्याच्या पिशव्या घेऊन पहिले आम्हीच पोचतो, आणि उन्हाळ्यात पाणपोई घालतो.

अध्यक्ष धैर्यशील, लॉच्या शेवटच्या वर्षाला. त्याचे मामा विजयसिंहदादा, कोल्हापुरात शाहूपुरीत ट्रॅक्टरचं मोठं दुकान. आज दुपारी आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. काम माझ्या गावचं. आमचं गाव शिरोळ तालुक्यात, नदीला लागून. पुरात शाळेची बाकं कुजली, तेव्हापासून पोरं सतरंजीवर बसतात. मी जरा रंगवूनच सांगितलं. दादांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नुसता पैसा मी कुणाला देत न्हाय. रक्तदान शिबिर घ्या. एका बाटलीमागं एक बाक माझ्याकडनं. पोरांनी अंगातलं कायतरी द्यायला पायजे की."

धैर्यशीलनं तिथेच मांडीवर थाप मारली. बाकावर रक्तदात्याचं नाव रंगवायचं, ही कल्पना माझी. दादांना फार आवडली. परत येताना धैर्यशील म्हणाला, "तुझं डोकं चालतंय लेका." मला झोप लागेलसं वाटत नाही.

७ जानेवारी

माझा रूममेट कृष्णात याच्याबद्दल लिहायला हवं, कारण माझी सकाळ तोच खराब करतो. मूळचा कागलकडचा. घरी म्हशी, दुधाचा धंदा. एम.ए.ला नाव घातलंय ते बोर्डिंगात राहता यावं म्हणून. खरं काम पोलीस भरती. गेल्या वेळी धावण्यात थोडक्यात गेला. आता ही शेवटची, घरून तेवढीच मुदत मिळाली आहे. नाही जमलं तर म्हशींमागे जायचं, हे ठरलेलं. वर्दीचा एक फोटो त्यानं कुठून तरी काढून कपाटाच्या आत चिकटवला आहे आणि त्यातल्या माणसाच्या डोक्यावर स्वतःचा पासपोर्ट फोटो लावला आहे. मी खूप हसलो होतो. त्याला राग येत नाही.

सोळाशे मीटर पळायचं असतं. विद्यापीठाच्या रस्त्यावर तो पळतो आणि मी स्कूटरवर बसून मोबाईलवर वेळ लावतो. आज इतका सुंदर पळाला की मी थंडी विसरलो. येऊन म्हणाला, "केतन, ह्यावेळी बसतंय बघ." बसणारच.

१२ जानेवारी

शिबिर झालं. गळा बसला आहे, कारण सकाळपासून माइक माझ्या हातात. पहिली बाटली धैर्यशीलची, फोटोसाठी. दुसरी कृष्णातची, त्याला आंघोळ करून अभ्यासाला जायचं होतं म्हणून.

आधी बोटाला टोचतात आणि रक्ताचा थेंब निळ्या पाण्यात सोडतात. बुडाला की माणूस पास. कृष्णातचा थेंब सरळ तळाला गेला. रक्तपेढीच्या बाई म्हणाल्या, "असं रक्त रोज बघायला मिळत नाही." हा गडी लाजला. मी माइकवरून सांगितलं, "कागलच्या म्हशीचं दूध हाय, ताई, विषय हार्ड हाय." सगळा मांडव हसला. शेवटी डॉक्टरांनी मला सांगायला लावलं की आता तीन महिने कुणी रक्त द्यायचं नाही. तेही मी सांगितलं.

मी दिलं नाही. माइकवर कुणीतरी हवं. शिवाय सुईला मी भितो, हे फक्त इथे लिहितो.

बाटल्या चांगल्या झाल्या. शाळेच्या निम्म्या पोरांची सोय झाली.

१८ जानेवारी

पलीकडच्या बोर्डिंगातल्या सम्राटच्या ग्रुपनं आज शिबिर घेतलं. रक्त देणाऱ्याला हेल्मेट फुकट! आमच्या दुपटीच्या आसपास बाटल्या. आणि बघा यांची मस्ती, आभाराचा फ्लेक्स लावला तो बरोबर आमच्या गेटसमोर. "आकडा बघा आणि बोला." खाली सम्राट, गॉगल घालून.

धैर्यशील दुपारी जेवला नाही. कोल्हापुरात ईर्षा लागली की माणसाचं अन्न तुटतं. मीही अर्धीच भाकरी खाल्ली.

२१ जानेवारी

बैठक. एक फेब्रुवारीला दुसरं शिबिर. कुणीतरी मागून म्हणालं की तीन महिने व्हायचेत. धैर्यशील म्हणाला, "पेढी दुसरी बोलवायची. त्यांच्या कागदावर आपुन पहिल्यांदाच. आनि ज्याला भ्या वाटतंय त्यानं टीशर्ट काढून ठेवावा." कुणी काढला नाही.

मला वाटलं वातावरण जरा तंग झालंय, म्हणून मीच बोललो. डॉक्टर लोक हात राखूनच सांगतात. ताप आला की आठवडाभर झोपा म्हणतात, आपण तिसऱ्या दिवशी उसाच्या ट्रॉलीवर असतो. पोरं हसली.

बैठक संपल्यावर जिन्यात कृष्णात म्हणाला, "सोळाशेला काय फरक पडायचा न्हाय न्हवं?"

मी म्हटलं, "आरं, उलट. जुनं गेलं की नवं तयार होतंय. इंजिन ऑइल बदलल्यागत."

त्यानं मान हलवली. त्याचं एक बरं आहे, पटलं की पटलं.

१ फेब्रुवारी, रविवार

जिंकलो! सम्राटचा आकडा दुपारच्या चहालाच मागे टाकला. धैर्यशीलनं मला खांद्यावर घेतलं. आमचा फ्लेक्स आता त्यांच्या गेटसमोर, मजकूर माझा.

बहुतेक आमचेच लोक होते, पहिल्या शिबिरात दिलेले. फॉर्मवर सगळ्यांनी 'यापूर्वी नाही' लिहिलं. कृष्णातचा थेंब याही वेळी बुडाला, सावकाश बुडाला पण बुडाला. कॉटवर त्याला अंगठा वर करायला लावून मी फोटो काढला. उठताना तो खुर्ची धरून उभा राहिला जरा वेळ.

आमच्या वर्गातली स्नेहल स्वयंसेवक म्हणून आली होती. निळा पंजाबी ड्रेस. मी तिला प्रमाणपत्रांच्या टेबलावर, माइकच्या जवळ बसवलं होतं. तर ही बाई निम्मा वेळ कृष्णातपाशी. त्याला पाणी दे, बिस्किट दे, पाय वर ठेव. मग माझ्याकडे येऊन म्हणाली, "ह्यानं बारा तारखेला पण दिलंतं न्हवं? मीच प्रमाणपत्र लिहिलंय की."

मी म्हटलं, "तुझं बारीक लक्ष हाय त्याच्यावर."

ती निघून गेली. कृष्णातला विचारलं, तुमचं काय चाललंय? तो म्हणाला, "कुनाचं?" इतका साधा चेहरा करायला याला कुणी शिकवलं?

६ फेब्रुवारी

कृष्णातचं काहीतरी बिनसलं आहे. आज सोळाशेला इतका वेळ लावला की मला वाटलं मोबाईल बिघडला. शेवटच्या वळणावर चालला चक्क. गुडघ्यावर हात ठेवून वाकून उभा, ओठ पांढरे. थंडीही होती म्हणा. बोर्डिंगचा जिना चढताना मध्ये थांबतो. मी त्याला 'आजोबा' म्हणायला लागलोय, आता सगळी पोरं म्हणतात.

मला कारण माहीत आहे. वर्गात डोळे मिटून बसतो, जेवताना हरवल्यासारखा असतो. माणूस प्रेमात पडला की हेच होतं. भरती तोंडावर आली असताना हे सुचतंय, म्हणजे कमाल आहे.

संध्याकाळी तो खजूर घेऊन आला आणि म्हणाला, "डाक्टरला दाखवू का एकदा? कानात सारखं सुंसुं हुतंय."

मी म्हटलं, "दाखव. तो विश्रांती लिहून देईल आनि तुझी भरती जाईल. बघ बाबा."

गेला नाही.

१० फेब्रुवारी

आजचा दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही.

बाकं घेऊन गावी गेलो. विजयसिंहदादांच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, पुढे हलगी. पिवळी बाकं, वर लाल अक्षरांत नावं. मुख्याध्यापकांनी मला फेटा बांधला. माझे वडील, तवनाप्पा, ज्यांनी मला आयुष्यात "अभ्यास कर" आणि "मोटर बंद कर" यापलीकडे काही म्हटलेलं नाही, ते शाळेच्या भिंतीला टेकून उभे होते. माणसं त्यांच्याजवळ जाऊन म्हणत होती, पोरगं नाव काढणार. आप्पांनी उपरण्यानं डोळे पुसले. मला तिकडे बघवेना.

कृष्णातच्या नावाची दोन बाकं आली, दोन्ही तिसरीच्या वर्गात. मी फोटो पाठवला. त्यानं लिहिलं, 'आमच्या आबांस्नी दाखवतो.'

एकच झालं. पाचवीचा वर्ग राहिला. बाकं तिथपर्यंत पुरली नाहीत. ती पोरं दारात उभी राहून बघत होती आणि एका पोरीनं मला विचारलं, "आमी काय केलंय?" माझ्या हातात माइक होता, डोक्याला फेटा, समोर आप्पा. मी जाहीर करून टाकलं की शिवजयंतीपर्यंत पाचवीची बाकं आली नाहीत तर केतन नाव लावणार नाही. टाळ्या पडल्या.

धैर्यशील परत येताना गाडीत म्हणाला, "बोललास तर आता करून दाखव. ह्यो आकडा तुझा."

१६ फेब्रुवारी

लोक फोन उचलत नाहीत. ज्यांनी दोनदा दिलं त्यातले निम्मे गावी गेले, एकाला म्हणे चक्कर येते, एकाची आई ओरडली. शहरातले देणारे सगळे सम्राटनं उचललेत, त्याचंही शिबिर शिवजयंतीलाच आहे, आणि या वेळी मिक्सर!

कृष्णातची भरती सव्वीस तारखेला. हॉल तिकीट आलं. त्यानं ते देवाजवळ ठेवलं आहे.

१९ फेब्रुवारी, शिवजयंती

बाहेर डॉल्बी चालू आहे. मी खोलीत बसून लिहितोय, कारण मला स्वतःचा थोडा राग आलाय आणि तो कशाचा ते नीट कळत नाही.

शिबिर रडतखडत चाललं. तिसरी पेढी. दुपारपर्यंत मांडवात आम्हीच जास्त, देणारे कमी. पाचवीच्या वर्गाला एक बाक कमी पडत होतं. एक! धैर्यशील सगळ्यांसमोर म्हणाला, "सचिवसाहेब, फेटा परत करून या गावाला."

मी वर खोलीवर गेलो. कृष्णात पांघरूण घेऊन पडला होता, भर दुपारी. मी त्याला म्हटलं, चल.

"न्हाय केतन. पाय चालत न्हाईत माझं. पुढच्या गुरवारी भरती हाय."

"आठवडा हाय मधी."

"दुसऱ्या कुनालातरी बघ की."

"दुसरा कोन हाय मला? तुझ्यासाठनं रोज पाटंचं उठून थंडीत मरतोय मी. कधी म्हटलं का, दुसऱ्या कुनालातरी बघ?"

त्यानं पांघरूण ओढून घेतलं. मग मी म्हटलं, आप्पा तिथे रडले होते. हे म्हणायला नको होतं बहुतेक. पण ते खरंच होतं, मी काही खोटं बोललो नाही. तो उठला, भिंत धरून चपला घातल्या, आणि म्हणाला, "तू पन देनार हाईस न्हवं? संगं झोपू दोघं."

मी हो म्हटलं.

खाली त्याच्या बोटाला टोचलं. थेंब निळ्या पाण्यात मधेच थांबला. खाली जाईना, वर येईना. पेढीचा माणूस म्हणाला, रक्त कमी वाटतंय. धैर्यशील पुढे झाला, म्हणाला, सकाळपासून उपाशी आहे तो, शिवजयंतीचा उपास धरलाय, गूळ खायला घालतो, परत बघा. गूळ आणला. दुसरा थेंब तिथेच घुटमळला आणि मग गेला खाली. मी माइकवरून ओरडलो, "बुडाला!" मांडवात शिट्ट्या.

मी शेजारच्या कॉटवर झोपणारच होतो. पण तेवढ्यात विजयसिंहदादा आले आणि त्यांचं स्वागत करायला माइकवर दुसरं कोण होतं?

स्नेहलनं सगळ्यांसमोर माझ्या हातातला माइक बंद केला. म्हणाली, "त्याची भरती हाय पुढच्या आठवड्यात. तुला कळतंय का तू काय करतोयस ते?"

मी म्हटलं, "तुला एवढा पुळका असंल तर तू बस त्याच्या उशाला."

ती बसली. संध्याकाळपर्यंत बसली होती.

पाचवीची बाकं पूर्ण झाली.

२२ फेब्रुवारी, रविवार

कृष्णातचे वडील आले होते, केरबाकाका. उंच, वाकलेले, हातात तुपाचा डबा आणि डिंकाचे लाडू. पोराला बघून म्हणाले, "लय वाळलाईस की रं." कृष्णात म्हणाला, सराव जास्त आहे. काकांनी मान डोलावली. त्यांना काय माहीत सराव कसा असतो.

निघताना मला बाजूला घेतलं. "केतन, त्यो म्हनतोय तू संगं हाईस म्हनून त्याला काळजी न्हाय. गुरवारी तेवढं त्याच्यापाशी ऱ्हा. आमाला मैदानात कोन सोडतंय?" मी म्हटलं काका, काळजीच करू नका.

लाडू फार चांगले आहेत. कृष्णात मलाच देतो, त्याला म्हणे छातीत धडधडतं खाल्ल्यावर.

२५ फेब्रुवारी

आज पळायचं नाही, पडून राहायचं असं ठरवलं. त्याचे बूट मी पुसून दिले. उद्या सगळा ग्रुप टीशर्ट घालून गेटवर जाणार आहे. तो म्हणाला, "केतन, झालं न्हाय तर?" मी म्हटलं, अंगात नवंकोरं रक्त आहे तुझ्या. तो हसला. परवापासून पहिल्यांदा हसला, त्यामुळे मलाही बरं वाटलं.

२६ फेब्रुवारी

कृष्णात गेला.

२८ फेब्रुवारी

लिहिल्याशिवाय चैन पडत नाही आणि लिहवत नाही.

आम्ही जाळीच्या बाहेर होतो. त्याच्या छातीवर नंबरचा कागद. पहिल्या फेरीत तो पुढच्या पोरांत होता आणि आम्ही घसा फोडून ओरडत होतो. मग मागे पडला. शेवटच्या फेरीत आमच्या समोरून गेला तेव्हा मी ओरडलो, "पळ लेका!" त्यानं माझ्याकडे बघितलं आणि खरंच जोर केला. मी हे बघितलं आहे. थोडं पुढे गेला आणि गुडघ्यावर आला. मग आडवा. मला वाटलं ठेचकाळला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, अलीकडे काही आजारपण, औषधं, अजून काही? धैर्यशील म्हणाला, "काय न्हाय साहेब, ठणठणीत गडी." मी शेजारीच होतो. रक्तदानाचं सांगावं असं एकदा तोंडावर आलं होतं. पण ते काही आजारपण नव्हे. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं लिहिलं म्हणतात.

केरबाकाका आले तेव्हा त्यांच्या धोतराला शेण लागलेलं होतं. धार काढता काढता उठून आले असणार. रडले नाहीत. कृष्णातचे बूट कुठे आहेत एवढंच विचारत राहिले.

मला त्याची फार आठवण येते. पहाटे जाग येते आणि मी मोबाईल हातात घेतो.

५ मार्च

बैठक. धैर्यशील बोलला आणि छान बोलला. पुढच्या वर्षापासून शिबिर कृष्णातच्या नावानं, दुप्पट आकडा. विजयसिंहदादा शाळेत त्याचा फोटो लावणार. बोर्डिंगच्या गेटवर श्रद्धांजलीचा फ्लेक्स, त्याचा मजकूर मी लिहायचा.

मी लिहिलं, 'गावच्या लेकरांसाठी तीनदा रक्त देणारा आमचा कृष्णात'. धैर्यशीलनं वाचून 'तीनदा' खोडलं. "नुसतं रक्तवीर लिव. फ्लेक्सवर जागा कुठं हाय एवढी?" मी फोटो निवडला, कॉटवर अंगठा वर केलेला. तोही नको म्हणाला. मला हा फोटो त्याचा सगळ्यात चांगला वाटतो. धैर्यशील म्हणाला पहिल्या शिबिराच्या आधीचा कुठला तरी घे.

स्नेहल कॉलेजात समोरून आली. मी थांबलो. ती नाही थांबली.

९ मार्च

पाचवीच्या त्या पोरीचं पत्र आलं, बाईंनी लिहून घेतलेलं असणार. ती ज्या बाकावर बसते त्यावर कृष्णातचं नाव आहे. ते काका कधी येणार, असं विचारलंय.

११ मार्च

आज केरबाकाका गादी न्यायला आले होते.

खोलीत आले आणि कृष्णातच्या कॉटवर बसले. मी चहा आणला. कपाट उघडून ते वर्दीच्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिले, मग तो नखानं हळूहळू सोडवून खिशात घातला. मग म्हणाले, "केतन, मला रगत द्यायचंय. त्याच्या नावानं. त्याला लय नाद हुता. फोन आला की सांगायचा, आबा आज दिलं, माझ्या नावाचा बाक झाला. मी म्हनलं, मर्दा, आमच्या सात पिढ्यांचं नाव कुठं लिवल्यालं न्हाय."

मी म्हटलं आता शिबिर नाही. ते म्हणाले, शिबिर कशाला पाहिजे? म्हणून स्कूटरवर मागे बसवून त्यांना एका रक्तपेढीत घेऊन गेलो. कोणती ते लिहीत नाही. तिन्हीतली नव्हती.

टेबलावर एक ताई होत्या. त्यांनी काकांचा दाब बघितला आणि म्हणाल्या, काका, तुम्हाला नाही देता येणार, दाब फार आहे. काका हिरमुसले. थोडा वेळ टोपी हातात घेऊन बसले. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मग ह्याचं घ्या. ह्यो तर दर बारीला देतोय. त्याच्याच शेजारी झोपतोय."

खुर्चीत बसलो. ताईंनी बाही वर करायला सांगितली आणि फॉर्म पुढे ओढला.

"याआधी कधी दिलं होतं?"

भिंतीवर पंखा फिरत होता. काका माझ्या खुर्चीमागे उभे.

"कधीच नाही," मी म्हटलं.

काका म्हणाले, "आं? कृष्णात तर म्हनायचा..." आणि थांबले. त्यांना वाटलं असावं मी घाबरलोय, कारण मी मान दुसरीकडे फिरवली होती. माझा पंजा त्यांनी आपल्या हातात धरला. खरखरीत, मोठा हात. म्हणाले, "भिऊ नगंस, बाळा. काय सुदीक हुत न्हाय. आमच्या पोरानं दीड म्हैन्यात तीन बारी दिलं."

ताईंचं लिहिणं थांबलं. "दीड महिन्यात तीनदा? कुणी घेतलं असं? माणूस उभा राहायचा नाही. काय करतो तुमचा मुलगा?"

"भरतीला पळत हुता," काका म्हणाले.

ताईंनी माझ्याकडे बघितलं, माझ्या काळ्या टीशर्टकडे बघितलं. काकांना समजायला वेळ लागला. मला तो सगळा वेळ त्यांच्या हातात कळत होता. त्यांनी विचारलं तेही मला, ताईंना नाही.

"वाईट असतंय व्हय रं ते, केतन? म्हाईत हुतं तुला?"

मी नाही म्हणू शकलो असतो. इतके दिवस मी इथेही नाहीच म्हणत आलोय, आणि तीन महिन्यांचं तर मीच माइकवरून सांगितलं होतं. मी म्हटलं, "व्हय, काका."

त्यांनी माझा हात सोडला. आदळला नाही, खुर्चीच्या दांडीवर नीट ठेवला. ताई म्हणाल्या, बाही खाली करा, आज नाही घेता येणार.

बोर्डिंगपर्यंत ते माझ्या मागे स्कूटरवर बसून आले, पण मला धरलं नाही, मागची कांब धरली. खोलीवर जाऊन त्यांनी गादी स्वतः गुंडाळली. मी दुसरं टोक धरायला गेलो तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे." स्टँडपर्यंत सोडतो म्हटलं, त्यालाही तेच. खांद्यावर गादी घेऊन ते जिना उतरले, मध्ये एकदा थांबले, आणि गेटबाहेर कृष्णातच्या फ्लेक्सखालून रस्त्याला लागले. फ्लेक्सकडे त्यांनी वर बघितलं नाही.

धैर्यशीलचा फोन येतोय. मी उचललेला नाही.